बंदराची कादंबरी कोणी लिहायची?

मराठीच्या वर्गात कोकण शिकवताना एक गोष्ट आम्हां दोघांनाही बरीच वर्षे खटकत आली आहे. फळ्यावर 'प्रादेशिक कादंबरी' असे लिहिले की त्याखाली माड-पोफळी येतात, भातखाचरे येतात, खोत आणि कूळ येतात, देवराई आणि राखणदार येतात. पण वखार येत नाही, नाखवा येत नाही, जकातीचे नाके येत नाही. जणू एवढ्या लांबलचक किनाऱ्यावर केवळ खेडीच वसली आणि त्या खेड्यांच्या पश्चिमेला जे निळे दिसते ते निसर्गवर्णनाच्या सोयीसाठी होते. दोनेक वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही 'माझा परिसर' या विषयावर चार पाने लिहायला सांगितली होती. बंदराजवळच्या वाडीतून येणाऱ्या एका मुलीने नांगरणी, लावणी आणि झोडणी यांवर सुरेख लिहिले. तिचे वडील मच्छीमार बोटीवर तांडेल. घरात वीतभर शेत नाही. 'मग हे का लिहिलेस?' असे विचारल्यावर ती म्हणाली, 'सर, पुस्तकात कोकण असंच असतं ना!' हे उत्तर आम्हांला आमच्या अध्यापनावरचा शेरा वाटले.

त्या शेऱ्याचा अर्थ नीट उलगडला तो एका परक्या बंदरात. आमच्यापैकी एकाला नातेवाइकांकडे हँबर्गला जाण्याचा योग आला, आणि तिथून आगगाडीने पाऊण तासावर असलेले ल्यूबेक पाहता आले. बाल्टिक समुद्राकाठची जर्मन बंदरे म्हणून ज्यांची नावे आपण भूगोलात वाचतो त्यांतले हे सर्वांत मानाचे. गंमत अशी की जुन्या ल्यूबेक शहरातून समुद्र दिसतच नाही. शहर त्रावे नदीच्या वेढ्यात बसलेले. समुद्र नदीने खाली, त्रावेम्युंड या मुखाशी. हातखंब्याहून रत्नागिरीला उतरावे त्याहून थोडे अधिकच अंतर. राजापूर, चिपळूण, दाभोळ ही नावे ज्यांच्या कानांवर आहेत त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. खाडीच्या आत, वादळापासून आणि चाच्यांपासून दूर, नदीच्या काठी गोदामे बांधायची, ही अक्कल दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांना स्वतंत्रपणे सुचलेली आहे.

शहराच्या वेशीवर होल्स्टनटोर नावाचा पंधराव्या शतकातला दुबुरुजी विटांचा दरवाजा आहे, आणि त्याच्या शेजारी नदीला लागून लाल विटांची जुनी मिठाची गोदामे. ल्यूनेबुर्गचे मीठ इथे यायचे, इथून ते स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्याकडे जायचे, तिथे त्यात हेरिंग मासळी खारवली जायची आणि उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य मानणारा सारा ख्रिस्ती युरोप ती मासळी खायचा. हान्सा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उत्तर युरोपीय व्यापारी शहरांच्या संघाचे पुढारपण काही शतके ल्यूबेककडे होते, त्याचा पाया हा असा मीठ आणि मासळीचा. थंडीच्या महिन्यांत हान्साच्या जहाजांना समुद्रात उतरायची बंदी असे; आपल्याकडे ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारलेल्या असतात, तसेच. मिठागर, सुकी मासळी आणि बंद दर्या ही त्रयी ज्या मुलांच्या घरात जन्मापासून आहे, त्यांना हे शहर समजायला आमच्याइतका वेळ लागला नसता, असे राहून राहून वाटले.

पण ल्यूबेकला वाचक जातो तो दरवाजासाठी नव्हे. तो जातो मेंगस्ट्रासेवरच्या चार क्रमांकाच्या घरासाठी. थॉमस मान यांच्या आजी-आजोबांचे हे घर 'बुडनब्रुक्स' या कादंबरीमुळे जगभर ओळखले जाते. मान यांचा जन्म ल्यूबेकचा, १८७५ सालचा. कादंबरी १९०१ ची, म्हणजे लेखक पंचविशीत होता. धान्याचा व्यापार करणाऱ्या एका घराण्याच्या चार पिढ्यांची आणि त्यांच्या उतरणीची ही कथा. १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा निवड समितीने विशेष उल्लेख केला तोही या पहिल्या कादंबरीचाच. मार्च १९४२ मधील बाँबहल्ल्यात हे घर जळाले. उरला तो पांढरा दर्शनी भाग आणि खालचे तळघर. त्यामागे पुढे नवी इमारत झाली, १९९३ पासून तिथे मान बंधूंचे संग्रहालय होते, आणि २०१९ संपता संपता तेही नूतनीकरणासाठी बंद करण्यात आले. आमच्या सहकाऱ्याने पाहिला तो फक्त दर्शनी भाग. घडलेल्या इतिहासाचा नव्हे, कल्पिलेल्या कुटुंबाचा उंबरठा पाहायला लोक तिथे थांबतात, फोटो काढतात, पुढच्या गल्लीत गुंटर ग्रास यांच्या नावाचे घर आहे तिकडे वळतात. ग्रास जन्माने डान्झिगचे, म्हणजे आणखी एका बाल्टिक बंदराचे; आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी ल्यूबेकजवळ काढली आणि २०१५ साली ते तिथेच वारले.

ही कादंबरी कशी रचली गेली, हे मराठीच्या अध्यापकांनी आवर्जून पाहण्यासारखे आहे. कोवळ्या वयाच्या या लेखकाने नातेवाइकांना पत्रे लिहून प्रश्न विचारले. धान्याचा व्यवहार कसा चाले, भाव काय होते, पेढी कशी बुडते, शहराचा कारभार कोण पाही. आईकडून पाककृती मागवल्या, बहिणीकडून आत्याची हकीकत. त्यामुळे त्या कादंबरीत जेवणाचे टेबल आणि हिशेबाची वही एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. तिथला एक प्रसंग आम्ही वर्गात सांगतो. पेढीचा धनी, स्वतःच्या सावध स्वभावाविरुद्ध जाऊन, एका जमीनदाराचे उभे पीक कापणीआधीच विकत घेतो; आणि पेढीच्या शताब्दीचा समारंभ चालू असताना गारपिटीने ते पीक गेल्याची तार येते. हे ऐकताना मागच्या बाकांवरची मुले सावरून बसतात. कारण मोहोर पाहून आंब्याची बाग करारावर घेणारा व्यापारी आणि फेब्रुवारी-मार्चमधला अवकाळी पाऊस यांना ठाऊक असतो. बऱ्याच जणांच्या घरात तो करार होऊन गेलेला असतो. जर्मन कादंबरीतली गारपीट त्यांना कळते, आणि मराठी कादंबरीत मात्र हा व्यापारी त्यांना भेटत नाही.

शहराने लेखकाशी भांडण मांडले, हेही सांगायला हवे. कोणते पात्र म्हणजे गावातला कोण, याच्या याद्या ल्यूबेकमध्ये हातोहात फिरल्या. एका सख्ख्या काकांनी तर १९१३ साली वर्तमानपत्रात जाहिरात देऊन पुतण्याचा निषेध केला. त्याच शहराने १९५५ साली, मान यांच्या मृत्यूच्या काही महिने आधी, त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. अर्धशतक लागले. पण भांडायला शहराजवळ पुस्तक होते.

आता आपल्याकडे येऊ. 'बुडनब्रुक्स'च्या जोडीला मराठीतले कोणते पुस्तक ठेवावे असे कोणी विचारले तर आमच्या तोंडी पहिले नाव येते ते श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'चे. १९८७ ची ही द्विखंडात्मक कादंबरी, एका घराण्याच्या अनेक पिढ्या, वाढ आणि पडझड; आवाका तोच, धीर तोच. पेंडशांच्या या ग्रंथाबद्दल आम्हांला नितांत आदर आहे, आणि त्यावर वर्गात घालवलेले तास आमच्या नोकरीतले चांगले तास आहेत. परंतु दोन घराण्यांची मदार कशावर आहे ते पाहावे. तिकडे पेढी, इकडे खोती. तिकडे भाव, इकडे मक्ता आणि कुळे. तुंबाड जगबुडीच्या काठी आहे. जगबुडी वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला. त्याच पाण्याच्या मुखाशी असलेल्या दाभोळला पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी जहाजात चढला होता. १५०८ साली पोर्तुगीज आल्मेदाने तेच शहर जाळले होते. आदिलशाहीतली देखणी मशीद आजही तिथे खाडीकडे तोंड करून उभी आहे. नदीच्या वरच्या अंगाला मराठीला एक महाकादंबरी मिळाली, आणि मुखाशी काही नाही.

दोष पेंडशांचा नव्हे. लेखक आपल्याला आतून माहीत असलेले लिहितो, आणि त्यांनी ते असे लिहिले की खोती कायद्याने गेल्यावरही ती वाचकांच्या मनातून गेली नाही. दोष आमचा, म्हणजे पाठ्यपुस्तके रचणाऱ्यांचा, प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचा आणि प्रबंधांना विषय देणाऱ्यांचा आहे. 'प्रादेशिक' हा शब्द आम्ही हळूहळू 'ग्रामीण' या अर्थाने वापरू लागलो. मग कोकण हा प्रदेश म्हणजे कोकणातले खेडे ठरले, आणि बंदर हे खेडेही नव्हे आणि मुंबईसारखे महानगरही नव्हे, म्हणून त्याला आमच्या वर्गीकरणात खणच उरला नाही. ज्याला खण नाही त्यावर प्रश्न येत नाही. ज्यावर प्रश्न येत नाही ते मूल लिहीत नाही.

यावर कोणी म्हणेल की मराठीत समुद्र काय कमी आहे? आहे, भरपूर आहे. सावरकरांनी ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलेली १९०९ ची कविता आहे. ती परदेशातून मायभूमीकडे पाहते. कुसुमाग्रजांचे 'कोलंबसाचे गर्वगीत' आहे. मराठीतला सर्वांत प्रसिद्ध दर्यावर्दी जिनोव्याचा निघावा हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. अनंत सामंतांची 'एम. टी. आयवा मारू' आहे, आणि ती अव्वल आहे. पण ती जहाजावरची कादंबरी, बंदरातली नव्हे. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त समुद्र आहे, पण तो दैवताचा समुद्र आहे. समुद्र म्हणजे ओढ, आव्हान, गूढ, सर्व काही. केवळ ज्यावर माल येतो-जातो असा रस्ता नव्हे.

खुद्द रत्नागिरीचे पाहा. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणले, १९१० साली त्याच्यासाठी टेकाडावर राजवाडा बांधला, आणि १९१६ साली तो इथेच मेला. आमच्या मुलांनी तो राजवाडा शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. टेकाडावर बसून दुर्बिणीतून येणारी-जाणारी गलबते न्याहाळणारा हा राजा, त्याच्या घरात वावरणारे गावातले लोक, कलेक्टर, किनारा, असे सारे एका कादंबरीत आले आहे. ती अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस', २००० साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेली. बंगाली लेखकाने इंग्रजीत लिहिली म्हणून आम्हांला वाईट वाटत नाही. चांगले पुस्तक कुणीही लिहावे. पण त्याला हे शहर रंगून, मंडाले आणि मलायाशी समुद्राने जोडलेले दिसले. आम्हांला ते घाटाने पुण्याशी आणि बोटीने मुंबईशी जोडलेले दिसते, आणि तिथे आमची नजर थांबते.

असे का झाले, याची आमच्यापुरती दोन कारणे आम्ही मांडतो. एक, कोकणात लेखणी आधी हाती आली ती खोत, भिक्षुक आणि नोकरदार घरांच्या. या घरांची बंदराशी ओळख उतारू म्हणून. मुंबईची बोट दूर खोल पाण्यात उभी राहणार, पडावातून तिच्यापर्यंत जायचे, आईने पदराने डोळे पुसायचे. चाकरमान्याच्या साहित्यात धक्का येतो तो निरोपाची जागा म्हणून. ज्यांच्यासाठी धक्का ही रोजच्या कामाची जागा होती ते खारवी, गाबीत, भंडारी, दालदी, कोकणी मुसलमान, पेठेतले भाटिये हे मराठी ललितलेखनात उशिरा आले किंवा आलेच नाहीत. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १९६५ साली 'इंधन' घेऊन आले, तेव्हा त्या किनाऱ्यावरच्या मुसलमान वस्तीचे आतले जग मराठीला पहिल्यांदा इतक्या जवळून दिसले. त्या वाटेने पुढे किती जण गेले?

दुसरे कारण इतिहासातले. मराठी कादंबरी वयात आली तेव्हा ही बंदरे म्हातारी झाली होती. राजापूरला इंग्रजांची वखार होती, शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये ती लुटली. वेंगुर्ल्याला डचांनी १६३७ मध्ये वखार घातली, तिचे अवशेष आजही पाहायला मिळतात. पण एकोणिसाव्या शतकात मुंबईने सगळा व्यापार स्वतःकडे ओढला, खाड्या गाळाने भरत गेल्या, पुढे आगबोटींची उतारू वाहतूकही बंद पडली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. लेखकाने पाहिले ते मोडकळीस आलेले गाव, आणि त्याने त्याला खेडे म्हटले. मात्र हे कारण पुरेसे नाही. थॉमस मान यांच्या वेळचे ल्यूबेकही हँबर्गपुढे फिके पडलेले, हान्साच्या आठवणींवर जगणारे शहर होते. उतरणीला लागलेले बंदर हा कादंबरीला अडथळा नसतो. तो तिचा ऐवज असतो.

एक योगायोग इथे नोंदवलाच पाहिजे, कारण वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना तो आवडतो. थॉमस मान यांनी १९४० साली वेताळाच्या गोष्टींतल्या मस्तकांच्या अदलाबदलीवर एक दीर्घकथा लिहिली. तिच्यावरून गिरीश कार्नाडांना १९७१ चे 'हयवदन' सुचले. आणि कन्नडमधले 'हयवदन' मराठीत आणले ते चिं. त्र्यं. खानोलकरांनी, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मलेल्या माणसाने. बाल्टिकच्या बंदरातला लेखक आमच्या बंदराच्या लेखकाला असा भेटला. भेटीचा रस्ता मात्र समुद्राचा नव्हता. तो संस्कृत कथेचा होता, आणि तिथे दोघांनाही बंदराची गरज पडली नाही.

मग करायचे काय? आम्ही कादंबरीची मागणी नोंदवत नाही. ती नोंदवून येत नसते. पण वाचन आणि सहल या दोन गोष्टी आमच्या हातात आहेत. मराठी विभागाची सहल ठरली की ती मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकापाशी जाते, गणपतीपुळ्याला जेवते आणि परत येते. मालगुंडला जावेच; कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे उभे केलेले काम मोलाचे आहे. पण जन्मघर पाहून कवीचे गाव कळते, त्याचा किनारा कळत नाही. दुसरी एक सहल मांडवीला न्यावी. मुलांना आधी मांडवी हा शब्दच कोशात पाहायला सांगावा. बंदरावरच्या जकातीशी त्याचे नाते आहे. मग बंदर, नाखवा, सारंग, खलाशी, सुकाणू, मोसम हे शब्द कोणत्या भाषांतून आणि कुणाच्या तोंडून मराठीत आले ते शोधायला सांगावे. महाविद्यालयात दर महिन्याला कोणती ना कोणती सुकाणू समिती बसते. तिच्यातल्या एकालाही आपण अरबी खलाशाचा शब्द वापरतो आहोत याची वार्ता नसते. १८८० साली निघालेला रत्नागिरी-सावंतवाडीचा गॅझेटियर ग्रंथालयातून काढून त्यातले व्यापाराचे आणि गलबतांचे प्रकरण वाचून घ्यावे. इंग्रजी कोरडी आहे, पण कुठला माल कुठल्या बंदरातून जाई हे वाचताना मुले आपापल्या गावाचे नाव शोधू लागतात.

आणि हातखंबा? आमच्या गावाला बंदर नाही, तिठा आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोल्हापूरकडून येणारा रस्ता इथे एकमेकांना मिळतात. दहा प्रांतांच्या नंबरपाट्या असलेले ट्रक, गॅसचे टँकर, टायरची दुकाने, मध्यरात्री मुंबईच्या गाडीची वाट पाहत पेट्यांवर बसलेली कुटुंबे, चार भाषांत भाव सांगणारा चहावाला. खाडीतल्या बंदराचे जे काम होते, माल उतरवणे, बातमी आणणे, परक्या माणसाला एका रात्रीची जागा देणे, ते या तिठ्याने उचलले आहे. चौपदरीकरणाच्या धुळीत तेही रूप बदलत चालले आहे. यालाही आमच्या वर्गीकरणात खण नाही.

घाई कशासाठी, तर कागदांसाठी. पेठेतल्या जुन्या दुकानांच्या माळ्यांवर मोडीतल्या आणि गुजरातीतल्या वह्या आहेत, वाडीतल्या म्हाताऱ्यांना गलबतांची नावे आणि तांडेलांच्या फेऱ्या तोंडपाठ आहेत. दुकाने विकली जात आहेत, वह्या वजनावर जात आहेत. मान यांना काकांकडून भाव कळले. आमच्या एखाद्या विद्यार्थ्याला उद्या विचारावेसे वाटले तर विचारायला कोणी असले पाहिजे. म्हणून येत्या नारळी पौर्णिमेनंतर आम्ही पंधरा मुलांना घेऊन राजापूरला जाणार आहोत. बरोबर मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक असतील. वखारीची जागा पाहायची, मग बाजारात बसायचे, आणि ज्यांच्या घरी जुन्या वह्या आहेत त्यांनी परवानगी दिली तर पाने उलगडून भाव उतरवून घ्यायचे: सुपारी, नारळ, मीठ, तांदूळ, कौले.